ऐंशी टक्के गोळ्या

अमेरिकेत ज्येष्ठ नागरिकांसाठी मेडिकेअर नावाची सरकारी आरोग्य विमा योजना आहे. तिच्याखाली खासगी कंपन्या जे विमे विकतात, त्यांना सरकार दरवर्षी एक ते पाच तारे देतं. तारे चांगले मिळाले तर कंपनीला बोनस, आणि सगळ्या कंपन्यांचा मिळून हा बोनस अब्जावधी डॉलरमध्ये जातो. तारे देताना तपासल्या जाणाऱ्या गोष्टींत रक्तदाबाच्या काही गोळ्याही असतात. विमाधारकाने औषधाच्या दुकानातून उचललेल्या गोळ्या किती दिवसांना पुरल्या असत्या, हे संगणक मोजतो. ऐंशी टक्के दिवस भरले तर तो माणूस नियमित. एकोणऐंशी भरले तर अनियमित.

ऐंशीच का? पंचाहत्तर किंवा नव्वद का नाही? या आकड्याचा माग काढत गेलं, तर तो कुठल्या औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेत नाही. तो नेतो कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात, हॅमिल्टन शहरातल्या डोफास्को या पोलाद कारखान्यात. काळ 1970 च्या दशकाचा, आणि हिशेब ठेवणारा डेव्हिड सॅकेट नावाचा डॉक्टर.

सॅकेट मूळचा शिकागोचा, जन्म 1934 चा. हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात नवं वैद्यकीय महाविद्यालय उभं राहत होतं. तिथे रोगपरिस्थितीशास्त्राचा विभाग सुरू करायला 1967 मध्ये त्याला बोलावलं, तेव्हा तो 32 वर्षांचा होता. रक्तदाबाच्या इतिहासात ते वर्ष आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांनी केलेल्या चाचणीचा निकाल त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. खालचा रक्तदाब 115 ते 129 असलेल्या 143 पुरुषांपैकी निम्म्यांना खरी औषधं दिली होती, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या. औषध न मिळालेल्या गटात पक्षाघात, हृदयविकार आणि मृत्यूंचं प्रमाण इतकं जास्त निघालं की वाद घालायला जागाच उरली नाही. इतक्या वाढलेल्या रक्तदाबावर उपचार करायलाच हवेत, हे त्या निबंधाने ठरवून टाकलं.

फ्रीस यांच्या त्या गोळ्यांमध्ये रेसर्पिन होतं, म्हणजे सर्पगंधेपासून मिळणारं द्रव्य. पाश्चात्त्य वैद्यकाच्या नजरेत सर्पगंधा आणली ती मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या 1949 च्या निबंधाने. तो ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला, आणि पुढे 1957 मध्ये वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. शोधनिबंधाचा प्रभाव किती दूर जाऊ शकतो याचा इतका स्वच्छ दाखला आपल्याच गावात असताना आपण तो क्वचितच सांगतो.

फ्रीस यांच्या चाचणीत एक बारकावा होता, आणि सॅकेटची गोष्ट तिथूनच सुरू होते. चाचणीत घेण्याआधी प्रत्येक उमेदवाराची परीक्षा झाली होती. त्यांना दिलेल्या गोळ्यांत रायबोफ्लेविन, म्हणजे बी-2 जीवनसत्त्व घातलेलं होतं. ते पोटात गेलं की लघवी अतिनील प्रकाशात चमकते. ज्यांची लघवी चमकली नाही किंवा ज्यांच्या बाटलीत जास्तीच्या गोळ्या उरल्या, त्यांना वगळलं. औषध उपयोगी पडतं हे सिद्ध झालं खरं, पण ते सिद्ध झालं गोळ्या घेणाऱ्या माणसांमध्ये. बाकीच्यांचं काय?

बाकीच्यांसाठी सॅकेट आणि त्याचा तरुण सहकारी ब्रायन हेन्स डोफास्कोत गेले. कारखान्यात हजारो कामगार होते. रक्तदाब तपासला तर कित्येकांचा वाढलेला निघाला आणि त्यांतल्या अनेकांना त्याचा पत्ताच नव्हता. पोलाद कारखान्यातला धट्टाकट्टा माणूस, काही दुखत नाही, खुपत नाही, आणि त्याला आता सांगायचं की आयुष्यभर रोज गोळी घे. प्रयोगासाठी याहून अवघड माणूस मिळणं कठीण.

पहिल्या चाचणीत 230 कामगार होते. गोळ्या का घेतल्या जात नाहीत याची दोन उत्तरं तेव्हा सर्वमान्य होती, आणि आजही आपल्याकडच्या प्रत्येक आरोग्य शिबिरात तीच ऐकू येतात. एक म्हणजे लोकांना माहिती नसते. दुसरं म्हणजे दवाखान्यात जायला सवड नसते. सॅकेटने दोन्ही एकाच वेळी तपासली. काही कामगारांना रक्तदाबाबद्दल पद्धतशीर शिकवलं, तेही नुसतं पत्रक हातात देऊन नव्हे, विषय पक्का होईपर्यंत. काहींना कामाच्या ठिकाणीच, कामाच्या वेळेत डॉक्टर उपलब्ध करून दिले. काहींना दोन्ही दिलं, काहींना काहीच नाही. गट नशिबावर ठरवलेले. सहा महिन्यांनी गोळ्या मोजल्या.

1975 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला निकाल असा होता, की कशानेच फरक पडला नाही. शिकवलेल्यांना रक्तदाबाची माहिती झकास झाली होती. गोळ्या मात्र ते न शिकवलेल्यांइतक्याच चुकवत होते.

मला विचाराल तर या क्षेत्रातला हा सर्वांत महत्त्वाचा निबंध, आणि बहुधा सर्वांत कमी मानला गेलेलाही. दशकं उलटली, तरी जनजागृती हा शब्द आपल्या आरोग्य खात्यांच्या कागदपत्रांतून हललेला नाही. फसलेल्या उपायाची प्रामाणिक नोंद लोक आदराने वाचतात आणि तोच उपाय पुन्हा करतात.

सॅकेट आणि हेन्स तिथे थांबले नाहीत. गोळ्याही घेत नाहीत आणि रक्तदाबही आटोक्यात नाही, असे 38 कामगार त्यांनी निवडले. त्यांतल्या 20 जणांना स्वतःचा रक्तदाब मोजायला शिकवलं आणि आकडा रोज तक्त्यावर लिहायला सांगितला, शेजारी गोळी घेतल्याची खूण. गोळीची वेळ रोजच्या एखाद्या ठरलेल्या सवयीला जोडून दिली. आणि दर पंधरा दिवसांनी एक व्यक्ती त्यांना भेटायची, तक्ता पाहायची, आकडे सुधारले असतील तर कौतुक करायची. ही व्यक्ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. शालेय शिक्षण झालेली, वैद्यकाचं कुठलंही औपचारिक प्रशिक्षण नसलेली. सहा महिन्यांत या गटातलं गोळ्या घेण्याचं प्रमाण 21.3 टक्क्यांनी वाढलं, तर दुसऱ्या गटातलं 1.5 टक्क्यांनी घसरलं. रक्तदाब 20 पैकी 17 जणांचा उतरला. दुसऱ्या गटात 18 पैकी 10 जणांचा. हे 1976 चं.

ऐंशीचा आकडा याच कामातला. गोळ्यांची मोजणी आणि रक्तदाबाची नोंद समोरासमोर ठेवल्यावर त्यांना दिसलं, की साधारण ऐंशी टक्के गोळ्या पोटात गेल्यावरच या कामगारांचा रक्तदाब ठळकपणे उतरतो. निरीक्षण सरळ होतं, पण ते त्या कारखान्यातल्या पुरुषांपुरतं आणि त्या वेळच्या औषधांपुरतं. आज सर्रास दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी शरीरातून अतिशय सावकाश जाते. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला तीस ते पन्नास तास लागतात, त्यामुळे एखाद्या दिवशी ती विसरली तरी फार बिघडत नाही. उलट क्लोनिडिनसारखं औषध अचानक सुटलं, तर रक्तदाब उसळी मारतो. म्हणजे एका औषधाला सत्तर टक्केही चालतील आणि दुसऱ्याला नव्वदही अपुरे पडतील. पण हॅमिल्टनचा आकडा निबंधामागून निबंधात जात राहिला, मधुमेहात गेला, कोलेस्टेरॉलमध्ये गेला, संगणकाच्या प्रणालीत शिरला आणि विमा कंपन्यांचे तारे ठरवू लागला. मूळ निबंध उघडून पाहण्याची गरज फारशी कुणाला पडली नाही.

त्याच कारखान्यातला तिसरा निबंध डॉक्टरांना अस्वस्थ करणारा आहे. 1978 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हेन्स, सॅकेट आणि सहकाऱ्यांनी कामगारांच्या गैरहजेरीचा हिशेब मांडला. रक्तदाब असल्याचं कळल्यानंतरच्या वर्षात आजारपणाच्या रजा सरासरी 5.2 दिवसांनी, म्हणजे 80 टक्क्यांनी वाढल्या होत्या. बाकी कामगारांत ही वाढ अवघी 9 टक्के. उपचार सुरू झाले की नाही, रक्तदाब उतरला की नाही, याच्याशी या वाढीचा संबंध नव्हता. आपल्याला बीपी आहे हे नव्याने कळलं, एवढंच पुरेसं होतं. काल रात्रपाळी करून हसत घरी गेलेला माणूस आज रुग्ण झाला आणि रुग्णासारखा वागू लागला. आपल्याकडे सोसायटीच्या आवारात रविवारी सकाळी यंत्र लावून रांगेने बीपी तपासतात आणि आकडा सांगून पुढच्याला बोलावतात, तेव्हा हा निबंध आठवतो.

आता गोळ्या मोजण्याकडे परत येऊ, कारण सगळं गाडं तिथेच अडतं. घरी जाऊन गोळ्या मोजणं खर्चिक. रक्त किंवा लघवी तपासणं त्याहून खर्चिक. राहतो तो सोपा मार्ग, माणसाला विचारणं. कुठल्याही ओपीडीत पाच मिनिटं बसा.

"काका, गोळ्या चालू आहेत ना नियमित?"

"हो हो, एकदम."

काकांनी एकादशीला गोळी घेतलेली नसते, कारण उपाशीपोटी गरम पडते. मागच्या महिन्यात बीपी नॉर्मल आलं म्हणून आठवडाभर बंदच ठेवलेली असते. पण डॉक्टरांनी 'ना' लावून विचारल्यावर 'नाही' कोण म्हणणार? शिवाय रांगेत मागे चाळीस माणसं आहेत आणि काकांना डॉक्टरांचा वेळ घ्यायचा नाही.

1980 मध्ये हॅमिल्टनच्याच गटाने या विचारण्याची परीक्षा घेतली. निष्कर्ष असा, की 'चुकतात कधी कधी' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवावा. 'कधीच चुकत नाहीत' म्हणणाऱ्याबद्दल मात्र काही सांगता येत नाही. डॉक्टरच्या अंदाजापेक्षा तरीही हे बरं.

इथे दुसरा संशोधक कथेत येतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बाह्यरुग्ण म्हणून येणाऱ्या गरीब रुग्णांवर काम करणारा डोनाल्ड मोरिस्की. लॉरेन्स ग्रीन आणि डेव्हिड लेव्हाइन यांच्यासह त्याने 1986 मध्ये चार प्रश्नांची एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. विसरता का, हलगर्जीपणा होतो का, बरं वाटलं की थांबवता का, त्रास झाला की थांबवता का, असा त्यांचा सारांश. प्रश्न अशा रीतीने बेतलेले की औषध चुकवणाऱ्याचं खरं उत्तर 'हो' येतं. डॉक्टरपुढे माणसाची जीभ 'हो'कडेच वळते, हे ओळखून त्या होकाराचाच उपयोग करून घेतला. दुसऱ्या वर्षी ज्यांचे गुण चांगले होते त्यांच्यातल्या 75 टक्के रुग्णांचा रक्तदाब पाचव्या वर्षी आटोक्यात होता. ज्यांचे वाईट, त्यांच्यात 47 टक्के. चार प्रश्न, अर्धं मिनिट, कागद-पेन्सिल. खर्च जवळपास शून्य.

हा निबंध हजारो वेळा उद्धृत झाला. 2008 मध्ये आठ प्रश्नांची सुधारित चाचणी 1367 रुग्णांवर आजमावून प्रसिद्ध झाली, तिलाही हजारो संदर्भ मिळाले. क्षयरोग असो, दमा असो, मानसिक आजार असो, पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधासाठी काहीतरी मोजायचं असलं की हीच प्रश्नावली हाताशी. संशोधकाचा प्रभाव मोजायला हल्ली जे आकडे वापरतात, त्यात एच-निर्देशांक प्रसिद्ध आहे. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो 2005 मध्ये सुचवला. किमान चाळीस संदर्भ मिळालेले चाळीस निबंध असतील तर निर्देशांक चाळीस. निबंध का उद्धृत झाला, हे तो विचारत नाही. प्रश्नावलीचा संदर्भ हा पुष्कळदा रेशनकार्डाच्या झेरॉक्ससारखा असतो. प्रत्येक अर्जाला जोडावा लागतो, वाचत कुणी नाही. एखाद्या शोधाने विचार बदलले म्हणून दिलेला संदर्भ आणि हत्यार वापरलं म्हणून दिलेला संदर्भ, मोजणीत दोन्हींची किंमत एकच.

हत्याराला किंमत असते हे मात्र मोरिस्की यांच्या लक्षात आलं. प्रश्नावलीवर स्वामित्वहक्क होता. परवाना न घेता ती वापरणाऱ्या संशोधकांकडे शुल्काची मागणी होऊ लागली, आणि काहींनी पैसे भरण्याऐवजी छापून आलेले निबंध मागे घेतले. 2017 मध्ये सायन्स नियतकालिकाने या प्रकरणावर बातमी केली तेव्हा जगभर चर्चा झाली. कायद्याच्या दृष्टीने हक्क होता, हे मान्य. पण ज्या चाचणीचं सगळं मोल तिच्या स्वस्ताईत होतं, तीच वापरताना आता वकिलाचा सल्ला घ्यावा लागू लागला. त्यानंतर 2023 मध्ये, ज्या नियतकालिकात आठ प्रश्नांचा तो निबंध छापला होता, त्यानेच तो मागे घेतला. पंधरा वर्षांत त्याच्यावर उभे राहिलेले निबंध मात्र जागच्या जागी आहेत. पायाचा दगड काढला म्हणून संदर्भसूच्या कोसळत नाहीत, ही शास्त्रीय प्रकाशनव्यवहाराची गंमतही आहे आणि व्यंगही.

विचारण्यावर अवलंबून न राहणारी माणसंही होती. जॉन अर्क्वार्ट यांनी ज्याचा पाठपुरावा केला ते साधन म्हणजे औषधाच्या बाटलीचं बूच, आत चिप बसवलेलं. बाटली उघडली की तारीख आणि वेळ नोंदली जाते. 2008 मध्ये बर्नार्ड व्रायन्स, अर्क्वार्ट आणि सहकाऱ्यांनी 4783 रक्तदाब रुग्णांच्या अशा नोंदी एकत्र करून ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडल्या. औषध घेत असणाऱ्यांच्या चुकलेल्या गोळ्या कुठल्याही दिवशी सुमारे दहा टक्केच निघाल्या. खरी गळती वेगळीच होती. वर्षभरात जवळपास निम्म्या लोकांनी औषध पूर्ण बंद केलं होतं. म्हणजे प्रश्न रोजच्या विसरण्याचा कमी आणि एके दिवशी थांबण्याचा जास्त. बुचाने आणखी एक गोष्ट उघडी पाडली. डॉक्टरांची तारीख जवळ आली की बाटली नियमित उघडायला लागते आणि भेट झाली की पुन्हा ढिलाई येते. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणाऱ्यांच्या देशात हे कुणाला समजावून सांगायला नको.

आता सॅकेटचं पुढे काय झालं ते. 1976 आणि 1979 मध्ये त्याने सहकाऱ्यांबरोबर औषधनियमिततेवरचे, म्हणजे गोळ्या नियमित घेण्याच्या विषयावरचे, ग्रंथ संपादित केले. जगात कुठेही औषधनियमिततेवर परिषद असली की सॅकेट हवा. नियतकालिकांकडे या विषयाचा निबंध आला की परीक्षणाला सॅकेटकडे. कुणाला अनुदान द्यायचं, हेही सॅकेटला विचारून. प्रभाव म्हणतात तो हाच. मग 1983 मध्ये त्याने एक छोटा लेख लिहिला. त्यातली सूचना अशी की तज्ज्ञांना सक्तीने निवृत्त करावं. तज्ज्ञाच्या मताला पुराव्यापेक्षा जास्त वजन येतं, आणि त्याच्या हातातली परीक्षणाची सत्ता नव्या कल्पनांना दाराबाहेर ठेवते, असं त्याचं म्हणणं. लिहून तो थांबला नाही. त्या दिवसापासून औषधनियमितता या विषयावर त्याने एकही व्याख्यान दिलं नाही, काही लिहिलं नाही, कुणाच्या निबंधाचं परीक्षणही केलं नाही. पुढे 2000 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याने ही हकिकत सांगितली आणि पुराव्याधिष्ठित वैद्यक या ज्या चळवळीचा तो तोवर जनक मानला जाऊ लागला होता, तिच्यातूनही बाजूला झाला. 1983 च्या लेखावर तरुण संशोधकांची भरपूर कौतुकाची पत्रं आली, तज्ज्ञांची जवळपास नाहीत, असंही त्याने त्यात नोंदवलं. मधल्या काळात, पन्नाशीला टेकलेला असताना, हा प्राध्यापक पुन्हा निवासी डॉक्टर होऊन वॉर्डात राबला होता, कारण आपलं रुग्णांचं वैद्यक कच्चं राहिलं असं त्याला वाटलं. 2015 मध्ये तो गेला. एच-निर्देशांकाला यातलं काहीही दिसत नाही.

हेन्स विषयात राहिला. औषधनियमितता वाढवण्याच्या उपायांच्या चाचण्या एकत्र तपासणारा कॉक्रेन या संस्थेचा आढावा तो सहकाऱ्यांबरोबर पुन्हा पुन्हा अद्ययावत करत गेला. 2014 च्या आवृत्तीत 182 चाचण्या होत्या. त्यांतल्या अवघ्या 17 चाचण्या काटेकोर म्हणाव्यात अशा, आणि त्या 17 पैकी फक्त पाचांत गोळ्याही वाढल्या आणि तब्येतही सुधारली. चाळीस वर्षांच्या संशोधनाची ही एवढीच कमाई आणि एवढ्या सरळपणे ती मांडणारा आढावा दुर्मिळ. जे उपाय लागू पडले, त्यांत माणसाशी वारंवार आणि दीर्घकाळ संपर्क होता.

आपल्या शेजारी बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ग्रामीण भागात 2645 जणांवर झालेली एक चाचणी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. सरकारी आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन रक्तदाब मोजायचा, समजावायचं आणि गरज पडल्यास दवाखान्यात पाठवायचं. दोन वर्षांत तिथला वरचा रक्तदाब 9 अंकांनी उतरला. नेहमीचीच व्यवस्था असलेल्या गावांत 3.9 अंकांनी. कारखान्यातल्या त्या अप्रशिक्षित पंधरवडी पाहुण्याचंच हे मोठं रूप.

भारतात उच्च रक्तदाब असलेले लोक 31.5 कोटी आहेत, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला आयसीएमआरचा अभ्यास सांगतो. 2017 च्या अखेरीस पाच राज्यांत रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. त्याची रचना पाहिली की हॅमिल्टन आठवतं. औषधं मोजकी आणि ठरलेली, सुरुवात बहुधा अ‍ॅम्लोडिपिनने. गोळ्या एका वेळी महिनाभराच्या. नोंद प्रत्येक माणसाच्या नावाने. तारीख चुकवणाऱ्याला फोन, नाहीतर आशाताईंची फेरी.

या उपक्रमात गोळ्या घेतल्या का, हा प्रश्न हिशेबात धरत नाहीत. दर तिमाहीला नोंदणी झालेल्या सगळ्या रुग्णांचे गट पाडतात. शेवटच्या भेटीत रक्तदाब 140/90 च्या खाली असलेले, वर असलेले, आणि आलेच नाहीत ते. तिसरा गट यादीतून उडवायला परवानगी नाही. जो आला नाही त्याचा रक्तदाब आटोक्यात असेल असं धरून चालत नाहीत, त्यामुळे आरोग्य केंद्राची टक्केवारी खाली येते, आणि ती तशीच जिल्ह्याला कळवली जाते.